मापाचा माणूस

१

"बॅकअपच्या बाबतीत या घरात एकच नियम," काका म्हणाले. "रोज फक्त फरक घ्यायचा. पूर्ण प्रत पुन्हा घ्यायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

"हे तीन नियम झाले," ठिणगी म्हणाली.

बाबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. काकांना हसू आलं नाही. त्यांनी जिन्याखालच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि लगेच सोडलीही नाही. क्षणभर दोघांनीही ती किल्ली धरलेली होती.

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. का विचारायचं नाही?"

"बघ, विचारलंसच."

ठिणगी हे नाव आत्यानं ठेवलेलं. पोरगी चालायला लागायच्या आधी भांडायला लागली, असं आत्या सांगायची. आई लवकर गेल्यामुळे ठिणगीला न्हाऊमाखू घालण्यापासून तिच्या शाळेतल्या तक्रारी निस्तरण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं होतं. आता ठिणगी कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी परतली होती, आणि घर म्हणजेच ऑफिस होतं. आजोबांपासून हे कुटुंब इमारतींचे नकाशे काढत आलेलं. तळघरात जुन्या कागदांच्या गुंडाळ्या, तळमजल्यावर ऑफिस, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बाबा-काकांच्या खोल्या, आणि सगळ्यात वर समोरासमोर दोन दारं: एक ठिणगीचं, एक आत्याचं, आणि मागे कायम कुलपात असलेली एक खोली. या सगळ्याला जोडणारा एकच लाकडी जिना, आणि त्याच्या पोटात कपाटाएवढी एक खोली. तिथं सगळ्या नकाशांच्या बॅकअपचा साठा घेऊन एक मशीन दिवसरात्र घुमत असायचं.

अधूनमधून काका त्या खोलीत दार लावून बसत. बाहेर येत तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला असे. लहानपणापासून ठिणगी हे पाहत आली होती. खोलीत हवा येत नाही, असं ती समजायची.

२

बॅकअपच्या सॉफ्टवेअरसोबत एक माहितीपुस्तिका आली होती. कोणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतल्यासारखी तिची भाषा होती. "जुने दुवे मूळात सामावले जाऊन साखळी आनंदी राहील," असं एका पानावर लिहिलं होतं. ठिणगीनं ते आत्याला वाचून दाखवलं तेव्हा आत्या हसता हसता विणायची थांबली.

"साखळी आनंदी राहील! या घरात तेवढी एकच गोष्ट आनंदी राहायची बाकी होती."

"हसू नकोस. हे मला सगळ्यांना कळेल असं लिहून काढायचंय. उद्या मी आजारी पडले तर बाबांना जमलं पाहिजे."

"बाबाला? त्याला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही. बरं, मला सांग. मला कळलं तर त्यालाही कळेल."

ठिणगीनं तिच्या मांडीवरचा स्वेटर उचलला. "पहिल्या दिवशी आपण सगळ्या नकाशांची एक पूर्ण प्रत काढली. ती ही खालची पट्टी. दुसऱ्या दिवशी सगळं परत नाही काढायचं. कालपासून जे बदललं तेवढंच. ती एक ओळ. मग रोज एकेक ओळ. जेव्हा काही परत हवं असतं तेव्हा मशीन खालच्या पट्टीपासून सुरुवात करून एकेक ओळ चढवत वर येतं."

"आणि मधली एखादी ओळ उसवली तर?"

"वरचं सगळं गेलं."

आत्यानं स्वेटरकडे पाहिलं. "मग एवढ्या वर्षांत काकानं खालची पट्टी बदलली कशी नाही?"

"तेच तर म्हणतेय मी! ही साखळी माझ्या वयाएवढी लांब आहे. एक दिवस तुटणार. तीन पिढ्यांचं काम जाईल. आणि विचारलं तर म्हणे, विचारायचं नाही."

आत्या पुन्हा विणू लागली. तिचे गुडघे गेलेले होते, जिना चढायला तिला अर्धा तास लागायचा, पण सुया मात्र अजून पळायच्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका उगाच काही सांगत नाही गं."

"काका उगाच काही सांगतच नाहीत," ठिणगी म्हणाली. "तीच अडचण आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि काका एका बांधकामावर गेले होते. ठिणगीनं जिन्याखालची खोली उघडली, स्टूल ओढलं आणि मशीनला नवी पूर्ण प्रत घ्यायला लावली. मशीनचा पंखा वाढत्या आवाजात फिरू लागला. प्रत पूर्ण झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला: नवी प्रत तयार आहे, जुनी साखळी काढून टाकायची का? जागा भरत आली होती. नवी प्रत तिनं दोनदा तपासली होती, अक्षर न् अक्षर जुळत होतं. पुस्तिकेतही हेच करायला सांगितलं होतं, फक्त वेड्यावाकड्या भाषेत.

तिनं "हो" दाबलं.

पंखा शांत झाला. खोलीत एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. वर जिन्याची एक पायरी करकरली. आत्या खाली येतेय म्हणून ठिणगी दारात जाऊन उभी राहिली. कोणी आलं नाही.

३

रोज संध्याकाळी ऑफिस बंद झालं की मशीन आपसूक दिवसभराचा फरक गोळा करायचं आणि काय काय बदललं ते पडद्यावर दाखवायचं. त्या संध्याकाळी बदललेली एकच फाईल होती: "आपलं घर, उभा छेद."

उभा छेद म्हणजे इमारत वरपासून खालपर्यंत सुरीनं कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र. आपल्याच घराचा हा छेद आजोबांनी हातानं काढला होता, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा काकांनी तो हौसेनं आत घातला होता. त्या दिवशी तो उघडायला ऑफिसात कोणी नव्हतंच.

घड्याळाची गडबड असेल, असं ठिणगीनं स्वतःला सांगितलं. फाईल आपोआप सेव्ह झाली असेल. तरी तिनं ती उघडली.

तळघर, ऑफिस, पहिला मजला, वरची तिची खोली. पडद्यावर सगळं बारीक काळ्या रेघांत होतं. छेदात आत्याची खोली दिसत नव्हती, कारण घर कापणारी रेषा ठिणगीच्या खोलीतून गेली होती. आणि तळघरातून वर येणाऱ्या पायऱ्यांवर मापाचा माणूस उभा होता.

या धंद्यात प्रत्येक चित्रात एक माणूस काढतात. दार केवढं, छत किती उंच, हे गिऱ्हाइकाला त्याच्याकडे बघून चटकन कळतं. या ऑफिसचा माणूस आजोबांनी एकदाच काढून ठेवलेला होता आणि तोच उचलून सगळ्या चित्रांत चिकटवला जायचा. नुसती बाह्यरेषा. चेहरा नाही, कपडे नाहीत, हात अंगापासून जरा दूर. तो नेहमी सपाट जमिनीवर आणि ताठ उभा असायचा. पायऱ्यांवर त्याला कोणी ठेवत नसे, कारण पायरीवर उभ्या माणसावरून कशाचंच माप कळत नाही.

"काकांचा उद्योग," ठिणगी पुटपुटली आणि फाईल बंद केली.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ती फाईल बदललेली होती. तिनं कालचं आणि आजचं चित्र एकावर एक ठेवून पाहिलं. भिंती भिंतींवर बसल्या, दारं दारांवर, खिळ्याएवढाही फरक नव्हता. फक्त मापाचा माणूस तळघराच्या पायऱ्यांवरून वर आला होता आणि ऑफिसच्या दाराशी उभा होता. एक पाय पुढे टाकलेला.

तो पाय कोणी काढला? आजोबांच्या माणसाचे पाय जुळलेले असायचे.

४

ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली. घाबरण्यापेक्षा चिडणं तिला सोपं जायचं. नियम मोडला हे काकांना कळलंय आणि समोर येऊन बोलण्याऐवजी ते चित्रं बदलून धाक दाखवताहेत, असा तिनं निष्कर्ष काढला. जेवताना ती काकांकडे टक लावून बघत होती. काका मुकाट्यानं भाताचे घास गिळत होते आणि एकदाच म्हणाले, "बॅकअप नीट चाललाय ना?"

"अगदी आनंदी आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती फाईल पासवर्डनं बंद केली. लांबलचक, फक्त तिला माहीत असलेला पासवर्ड. मग जिन्याखालच्या मशीनची तार उपटली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. संध्याकाळी कुलूप काढलं, तार जोडली आणि फरक गोळा करायला लावलं. दिवसभर ऑफिसात काम झालं होतं, त्यामुळे पडद्यावर पुष्कळ फाईली आल्या. सगळ्यात वर "आपलं घर" होतं.

ती पासवर्ड टाकताना दोनदा चुकली.

माणूस पहिल्या मजल्यावरून वर निघाला होता. तो आता मधल्या वळणावर होता, जिथं जिना वळतो आणि छताची तुळई खाली येते. तिथं बाबांचं कपाळ आजवर अनेकदा आपटलं होतं. आणि मापाच्या माणसानं मान वाकवली होती.

ठिणगी किती तरी वेळ त्या मानेकडे बघत राहिली. चित्रातल्या माणसाला तुळई लागत नाही. तो तिच्यातून आरपार जाऊ शकतो. वाकायची गरज ज्याला डोकं असतं त्यालाच.

ती टेप घेऊन जिन्यात गेली आणि पायरीपासून तुळईपर्यंतची उंची मोजली. चित्रातल्या उंचीशी बरोबर जुळली. मग तिला स्वतःचाच राग आला. हे जुळणारच होतं. आजोबांनी मोजूनच काढलं होतं. यातून काय सिद्ध झालं? काहीच नाही. पण टेप गुंडाळताना ती तिच्या हातातून सुटली, सटकन पायऱ्यांवरून घरंगळली आणि खाली जाऊन आपटण्याऐवजी मध्येच थांबली. जणू कोणाच्या तरी पायाला अडली. मग पुन्हा घरंगळली.

वरून आत्याचा आवाज आला. "ठिणगे, काय पाडलंस? आणि मघापासून त्या वळणावर उभी राहून काय करतेस? यायचं तर ये वर."

"आत्या, मी आत्ताच आले इथं."

वरचा कठडा करकरला. मग आत्या म्हणाली, "बरं. माझे डोळेही आता गेलेच म्हणायचे."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सांगून टाकलं. ऑफिसात बाकी कोणी नव्हतं. काका एका छताचं माप लिहीत होते आणि बाबा त्यांच्या शेजारी पेन्सिलीला टोक करत होते.

"मी पूर्ण प्रत घेतली," ती म्हणाली. "आणि जुनी साखळी काढून टाकली. मला तीच पद्धत बरोबर वाटते आणि अजूनही वाटते. पण आपल्या घराच्या छेदात काहीतरी होतंय."

काकांच्या हातातली पट्टी टेबलावर पडली. त्यांनी ओरडावं, एक मुस्काटात द्यावी, काहीतरी करावं, असं तिला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "मूळ प्रत?"

"ती साखळीतच होती. गेली."

"कुठून तरी परत..."

"तिची जागा मोकळी झाली आणि रोजच्या नव्या फरकांनी ती घेतली. तिच्यावरच लिहिलं गेलं. काल रात्रीपासून मी तेच शोधतेय, काका. नाही मिळत."

"तो कुठंवर आलाय?" बाबांनी विचारलं. कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

"मधल्या वळणावर. पण घाबरण्यासारखं काय आहे? माझी नवी प्रत आहे ना. तिच्यातून फाईल परत आणते. प्रत घेतली तेव्हा तो तळघरात होता, म्हणजे परत तळघरात जाईल."

"आण," काका म्हणाले.

तिनं आणली. तिघं पडद्यापुढे वाकून उभे होते. नवी प्रत, जिच्यातलं अक्षर न् अक्षर तिनं तपासलं होतं, जिला त्यानंतर कोणी हात लावला नव्हता, ती उघडली. माणूस मधल्या वळणावरच होता. मान वाकलेली.

"असं होऊच शकत नाही," ठिणगी म्हणाली. "ही प्रत बदलेलच कशी?"

"पहिली प्रत घेतली तेव्हा तो नुसतं चित्र होता," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला भिंतीची जाडी सांगावी तसा. "नंतरच्या प्रत्येक प्रतीत तो स्वतः असतो. म्हणून पूर्ण प्रत घ्यायची नाही. फरक घेतला की कुठवर आलाय ते कळायचं. फार वर आला की मी त्या पहिल्या प्रतीतून चित्र परत आणायचो. मग तो पुन्हा तळाशी. नुसता खोडला, तर दुसऱ्या संध्याकाळी परत असायचा."

"हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुझा विश्वास बसला असता?"

"नसता बसला. पण मी ती प्रत जपून ठेवली असती! वेगळ्या डिस्कवर ठेवली असती, दहा ठिकाणी ठेवली असती. तुम्ही मला किल्ली दिलीत, मशीन दिलंत, सगळं दिलंत आणि एवढं एक दिलं नाहीत." तिचा आवाज चिरकला. "विचारायचं नाही म्हणे. सांगितलं असतं तर काय आकाश कोसळलं असतं?"

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. ती बाजूला झाली.

"वळणानंतर काय आहे?" तिनं विचारलं, जरी तिला ते पाठ होतं. वळणानंतर अर्धा जिना, आणि मग छेदात दिसणारी एकच खोली. तिची.

६

संध्याकाळी ती आत्याचा चहा घेऊन वर निघाली. अजून उजेड होता. जिन्याच्या वरच्या काचेतून पिवळट ऊन तिरपं उतरत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मधल्या वळणाशी पोचेपर्यंत ठिणगी मनात हिशेब करत होती, एखादा विषाणू असेल का, पडदाच बिघडलाय का, आपल्या तिघांनाही एकच भास होतोय का.

वळणाच्या वर, तिच्या दारापासून थोड्याच पायऱ्या खाली, उन्हात धूळ नव्हती.

तेवढ्या जागेत नव्हती. बाकी सगळीकडे ती सावकाश खाली येत होती, आणि मध्ये एक रिकामा आकार होता. खांदे. अंगापासून जरा दूर धरलेले हात. त्या आकारातून मागची भिंत दिसत होती, पण कोऱ्या कागदासारखी जरा जास्तच पांढरी.

ठिणगीनं पाठ कठड्याला लावली आणि एक पायरी बाजूनं सरकली. आकार अरुंद झाला. आणखी सरकली, तसा आणखी अरुंद. शेवटी उन्हात उभी एक केसाएवढी रेघ उरली. चित्राला जाडी नसते, हे तिला त्या अवस्थेतही आठवलं आणि बरंसुद्धा वाटलं, कारण काहीतरी नियमाप्रमाणे होत होतं.

मग ती रेघ रुंद होऊ लागली. ठिणगी जागची हलली नव्हती.

चहा पायांवर सांडला ते तिला खाली ऑफिसात आल्यावर कळलं.

७

ऑफिसात बाबा आणि काका मोठ्या टेबलाशी वाकले होते. टेबलावर वरच्या मजल्याचा जुना कागदी नकाशा पसरला होता. त्यावर छेदाची रेषा होती, म्हणजे घर कुठून कापलं ते दाखवणारी. ठिणगीच्या खोलीतून जाणारी ती ठळक रेषा तिला पाठ होती. पण आज तिला आणखी दोन रेषा दिसल्या.

एक खोडून टाकलेली, कागदावर नुसता पांढुरका चरा उरलेली. ती बाजूला सरकून वरच्या मागच्या बंद खोलीतून गेली होती. त्या खोलीला काकू गेल्यापासून, म्हणजे ठिणगीच्या आठवणीत कायम, कुलूपच होतं. काकू जिन्यावरून पडून गेली, एवढंच तिला माहीत होतं, आणि त्या वेळी आपण पाळण्यात होतो हे.

दुसरी रेषा ताजी होती. बाबांच्या सुबक हातची, पेन्सिलीची. ती आत्याच्या खोलीतून जात होती.

"रेषा सरकवली की छेद बदलतो," बाबा खाली मान घालून म्हणाले. "मग तुझी खोली चित्रात राहत नाही. त्याला तिथं जायला वाटच उरत नाही."

"आणि आत्याच्या खोलीत जायला उरते."

"फाईलला तुझा पासवर्ड आहे. तेवढा काढ. बाकी आम्ही करतो."

"रिकाम्या खोलीतून काढा ना रेषा! त्या बंद खोलीतून काढा."

काका नकाशावरच्या त्या पांढुरक्या चऱ्याकडे बघत होते. "रिकामी होती म्हणूनच तेव्हा तिथून काढली होती," ते म्हणाले. "रिकाम्या खोलीत कोणीतरी जातंच गं. दुपारचं पडायला जातं. कपडे वाळत घालायला जातं."

ठिणगी खुर्चीत बसली. जिन्यात एकेक पाऊल वाजत होतं, जड, थांबत थांबत, आणि तिघांनीही दाराकडे पाहिलं. आत्या होती. कठड्याला धरून तिनं शेवटची पायरी उतरली, धापा टाकत दाराला टेकली आणि विणकामाची पिशवी टेबलावर ठेवली.

"मीच हो म्हटलंय," ती म्हणाली. "त्यांच्यावर नको डाफरूस. माझं सगळं करून झालंय. तुझं अजून सुरूसुद्धा नाही झालं."

"तू गप्प बस, आत्या."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठ्यांनी असं वागल्यावर असंच बोलतात." ठिणगीचे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसतंय याची तिला पर्वा नव्हती. "मला सांगा, आत्याच्या नंतर कोण? तिची खोली रिकामी झाल्यावर रेषा कुठून काढणार? बाबांच्या खोलीतून? का कामाला येणाऱ्या मुलीला वर झोपायला सांगणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," बाबा म्हणाले. "आज तू. माझ्यापुढे आज फक्त तू आहेस. पाया पडतो तुझ्या, पासवर्ड सांग."

तिनं बाबांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर तिचं मन कच्चं झालं. पासवर्ड जिभेवर आला होता. मग तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या समजूतदारपणे मान हलवत होती, लहानपणी ठिणगीला कडू औषध पाजताना हलवायची तशी, आणि त्या मान हलवण्यानंच ठिणगी पेटली.

"नाही," ती म्हणाली. "नाही सांगणार. रेषा आहे तिथंच राहील. माझी चूक माझ्या खोलीत येऊ दे. आत्याच्या नाही, कोणाच्याच नाही."

"पोरी, ऐक..." काका म्हणाले.

"तुम्ही ऐका. एवढी वर्षं तुम्ही त्याला खाली ढकलताय, वळवताय, एकाच्या दारावरून दुसऱ्याच्या दारावर पाठवताय. कोणी एकदा तरी त्याला विचारलंत, तुला काय हवंय?"

बाबांनी हातातली पेन्सिल नकाशावर ठेवली.

"का येतोस वर? कोणाकडे येतोस? विचारलंत?"

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच वेळी वर, ज्या मजल्यावर आता कोणीच नव्हतं, तिच्या खोलीतली खुर्ची कोणीतरी ओढली. लाकडी जमिनीवर खुर्चीचे पाय सावकाश घासत गेले. पाहुण्याला बसायला जागा करून द्यावी, तेवढे. मग आवाज थांबला.

ठिणगी उठली.

"मी जाऊन विचारते," ती म्हणाली.

बाबा टेबलाची कड धरून उभे राहिले. ठिणगी तिघांच्या समोरून चालत जिन्यापर्यंत गेली आणि तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.